छतातल्याची दृष्ट

टिक.

सकाळचं घर अजून गप्प होतं. जुईची झोप मोडू नये म्हणून मी चोरपावलांनी, बांगड्या मनगटावर ओढून धरत स्वयंपाकघरात आले होते. उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं आणि छतातून तो आवाज आला. बारीक, नखावर नख वाजवावं तसा.

"उठले बघ जावईबापू," पाठीमागून अक्का म्हणाल्या.

मी दचकले. "अक्का, तुम्ही कधी उठलात?"

"मी कधीची उठलेय. त्यांच्या आधी उठायला नको का? चहा टाक. आणि नीट उभी राहा, बघतायत ते." अक्कांनी वर पाहून पदर सारखा केला आणि छताला सांगितलं, "आज भेंडी आहे बरं का. चालेल ना?"

छतात ताटलीएवढं पांढरं झाकण होतं. खोलीत कुणी आलं की ते टिक करून आपोआप सरकायचं, आतली काळी काच उघडी व्हायची आणि चित्रण सुरू व्हायचं. खोली दोन मिनिटं रिकामी राहिली की झाकण मिटायचं. अशी चार झाकणं आमच्या मिरजेच्या फ्लॅटमध्ये बसवली होती: बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरात, मधल्या बोळात आणि जुई खेळायची त्या खोलीत. पुण्यातल्या एका संस्थेचा अभ्यास होता. घरात, माणसांत, रोजच्या गडबडीत मूल बोलायला कसं शिकतं, ते कुणी वहीपेन घेऊन समोर न बसता पाहायचं. सुहास, माझा नवरा, तंत्रनिकेतनात शिकवायचा. त्याच्या ओळखीतून हे आमच्याकडे आलं. त्याला त्या यंत्राचं भारी कौतुक. अक्का त्याची थोरली बहीण. लग्नानंतर सहा वर्षांत माहेरी परत आलेल्या, चव्वेचाळीस वर्षांच्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या झाकणाचं नाव ठेवलं.

"जावई नाही तर काय? वर बसून नुसता बघतोय, कामाला हात लावत नाही, आणि त्याच्यासमोर सगळ्यांनी नीट वागायचं!"

जुई तेव्हा तेरा महिन्यांची होती. मी एका इस्पितळाच्या औषधांच्या काउंटरवर नोकरीला होते, सकाळी पावणेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. ती पाच महिन्यांची झाल्यापासून दिवसभर अक्कांकडेच असायची. तिला दोन दात आले होते, ती भिंत धरून उभी राहायची, रांगत सगळं घर पालथं घालायची. बोलत मात्र नव्हती. नुसतं बा बा, गा गा, आणि एक लांब, वर चढत जाणारा आवाज, जणू काही विचारतेय.

मी वाट बघत होते. तिचा पहिला शब्द मी ऐकायचा, एवढंच मला हवं होतं. बाकी सगळं माझ्या माघारी झालं होतं. पहिल्यांदा कुशीवर वळली ते अक्कांनी मला फोनवर सांगितलं. पहिला दात अक्कांच्या बोटाला लागला. मी घरी येऊन फक्त "हो? खरंच?" म्हणायची धनी. शब्द तेवढा माझ्यासाठी राहू दे, असं मी मनातल्या मनात म्हणायचे, आणि रविवारी दिवसभर तिच्यासमोर बसून "आ-ई, आ-ई" करायचे. ती माझ्या ओठांकडे बघायची, मग वर छताकडे.

संस्थेची तनुजा म्हणून मुलगी महिन्यातून एकदा यायची. यंत्र तपासायची, अक्कांच्या हातची थालीपीठं खायची. तिलाही पहिल्या शब्दाचीच घाई.

"कधी म्हणेल काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण आपल्याला तो सापडणार नक्की. आम्ही त्याची नोंद करतो. कोणता शब्द, किती वाजता, कुणाला उद्देशून. गंमत म्हणजे बऱ्याच घरांत आईला तो नंतर कळतो."

"नंतर म्हणजे?"

"म्हणजे... आई कामावर असते ना." तिनं थालीपीठाचा तुकडा मोडला. "पण बघायला मिळतोच. चित्र आहे की."

मी हसले. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या ताटात लोणी वाढलं आणि म्हणाल्या, "चित्रातलं काय खरं? तिच्या आईलाच म्हणेल ती पहिल्यांदा. मी बघते ना."

दिवसभराचं चित्रण रात्री बारा वाजता आपोआप पुण्याला जायचं. त्याआधी आईनं ते एकदा नजरेखालून घालावं, पाठवू नये असं वाटेल ते पुसावं, अशी पद्धत होती. संस्थेनं एक टॅब दिला होता. त्याचा परवलीचा आकडा फक्त माझ्याकडे. इथून इथपर्यंत अशी बोटानं रेघ ओढायची आणि खालचं लाल बटण दाबायचं. पुसलं की पुसलं. का पुसलं, कुणी विचारणार नाही, हे तनुजानं तीनतीनदा सांगितलं होतं.

पहिल्यांदा मी सुहास बनियनवर फिरत होता ते पुसलं. मग त्याचं नि माझं भांडण. मग एकदा जुई जेवेना म्हणून मी तिच्या हातातली वाटी हिसकावली आणि ती घाबरून रडली, ते. ते पुसल्यावर फार हलकं वाटलं. जणू झालंच नाही. मग मला सवय लागली. रोज संध्याकाळी आमचं घर थोडं थोडं चांगलं होत गेलं.

आणि त्याच बसण्यात एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. जुई खेळता खेळता थांबायची आणि थेट वर बघायची. टॅबवर बघताना मीच छतात बसलेली, आणि ती खालून माझ्या डोळ्यांत बघतेय असं दिसायचं. कधी हसायची, कधी हात करायची. जिथे मी दिवसभर नव्हते तिथे ती मला शोधत होती, की तिला तिसरंच कुणी दिसत होतं, हे मला उमगेना. दिवसेंदिवस तिचं ते बघणं लांबत चाललं. एकदा मी मोजलं, पूर्ण दोन मिनिटं. हातातला बिस्किटाचा चुरा सांडतोय, डोळ्यांची पापणी हलत नाही.

त्या आठवड्यात तिनं खाणं कमी केलं. झोपेत दचकून उठायला लागली. डॉक्टर म्हणाले आणखी दात येत असतील. मी मान डोलावली. बी.फार्म. झालेली मी. अक्का जुईला न्हाऊ घातल्यावर धुपाटण्यात विस्तव करून ओवा-वेखंडाची धुरी द्यायच्या, तर मी नाक मुरडायचे. "अक्का, धुरानं फुप्फुसं बिघडतात. आता कुणी देत नाही हो धुरी." त्या म्हणायच्या, "बरं बाई, तू औषधवाली," आणि द्यायच्याच. सुहासला हे रोजचं तोंडपाठ होतं. धुपाटणं म्हणजे अक्का, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं.

त्या गुरुवारी सुहास साडेसातला गेला. अक्कांनी जुईला न्हाऊ घातलं, धुरी दिली, धुपाटण्यातला विस्तव नळाखाली धरून विझवला, ते पालथं घालून ठेवलं आणि स्वतः आंघोळीला गेल्या. त्यांची आंघोळ म्हणजे अर्धा तास, स्तोत्रांसकट.

आठ वीस झाले होते. जुई माझ्या कडेवर होती. ती मान मागे टाकून छताकडे बघत होती. मी तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. तिनं परत वर पाहिलं.

मी काय करतेय हे मला कळत होतं. तरीही मी नारळाच्या करवंटीचा तुकडा गॅसवर धरला. लाल झाल्यावर धुपाटण्यात टाकला. मूठभर मीठ-मोहऱ्या आणि पाच सुक्या मिरच्या घेतल्या. स्वयंपाकघराला लागून कपडे धुण्याच्या मशीनची अरुंद बाल्कनी होती. तिच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत काचेची नजर पोचत नाही, हे रोज संध्याकाळी बघून बघून मला पाठ झालं होतं. एका हातात धुपाटणं, कडेवर लेक, अशी मी तिथे गेले. तिला मशीनवर बसवलं आणि लहानपणी आईनं माझ्यावरून उतरवलं होतं तसं तिच्यावरून उतरवलं.

"आल्याची, गेल्याची, घरातल्याची, दारातल्याची..." पुढचं आठवेना. मग आपोआप तोंडात आलं, "छतातल्याची."

विस्तवावर मीठ तडतडलं. मिरच्या काळ्या पडल्या.

आणि ठसका आला नाही.

मिरच्या जळून ठसका लागला नाही, की दृष्ट जबर, हे कुठल्याही मराठी घरात वाढलेल्या बाईला माहीत असतं. मी खाली वाकून वास घेतला. काही नाही. पाच मिरच्या जळल्या आणि वास नाही. जुईला छातीशी धरून मी तिथेच उभी राहिले. खाली शबानाच्या स्कूटीचा हॉर्न वाजला. आम्ही इस्पितळात बरोबर जायचो. परत वाजला. आतून अक्कांचं न्हाणीघराचं दार उघडलं.

मी पायानं धुपाटणं मशीनच्या मागच्या सापटीत सरकवलं.

"काय करतेयस गं तिथं?" अक्कांनी केस पुसत विचारलं.

"काही नाही. कपडे बघत होते. घ्या हिला. शबाना आली."

जुईनं अक्कांकडे झेप घेतली. नेहमीसारखी, दोन्ही हात पुढे करून.

फोन आला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होते. अक्का बोलत नव्हत्या, ओरडत होत्या. "हात गं तिचा... विस्तव... कुठून आला गं विस्तव..."

डावा तळहात आणि तीन बोटं. आमच्याच इस्पितळात मलमपट्टी झाली. डॉक्टर म्हणाले, नशीब, वरवरचं आहे, पण डाग राहील. जुई रडून रडून माझ्या खांद्यावर झोपून गेली होती. सुहास कॉलेजातून धावत आला. बोळात बाकावर अक्का बसल्या होत्या. घाईत पायात दोन वेगवेगळ्या चपला अडकवल्या होत्या.

"किती वेळा सांगितलं तुला, बंद कर ती धुरी!" सुहास त्यांच्यासमोर उभा राहिला.

"सुहास, मी विझवलं होतं रे. नळाखाली धरलं होतं."

"विझवलं होतंस, तर विस्तव काय आभाळातून पडला?"

"मला नाही माहीत. पालथं घातलेलं धुपाटणं तिथं कसं गेलं, तेही नाही माहीत. पण मी विझवलं होतं. शपथ."

मी उघडलं होतं तोंड. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात सुहास माझ्याकडे वळून म्हणाला, "हिच्या कानीकपाळी ओरडत होतीस तू. मीच ऐकलं नाही तुझं. माझं चुकलं." आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या प्रेमानं, की मी तोंड मिटलं. घरी गेल्यावर सांगू, असं ठरवलं.

घरी गेल्यावर अक्काच म्हणाल्या, "चित्र बघा ना. जावई बघत होते की सगळं. त्यात दिसेल, मी विझवलं ते."

"हो," सुहास म्हणाला. "स्वरूपा, बघ गं."

मी टॅब घेऊन आतल्या खोलीत गेले. आमच्या खोलीत झाकण नव्हतं. बाहेर दिवेलागण झाली होती, शेजारी कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. जुई पलंगावर पट्टी बांधलेला हात उशाशी टाकून झोपली होती. मी दार लोटून घेतलं.

अक्का न्हाऊ घालतायत. धुरी देतायत. विस्तव नळाखाली धरतायत, वाफ उठतेय, बोट लावून बघतायत गार झाला का. धुपाटणं पालथं.

मग मी. वरून बघितल्यावर माझ्या केसांतला भांग सरळ नव्हता एवढंच आधी दिसलं. गॅस, करवंटी, मिरच्यांचा डबा. लेक कडेवर, धुपाटणं हातात, बाल्कनीत जाणारी. मग रिकाम्या हातांनी बाहेर येणारी.

मी पुढे सरकवत गेले. नऊ सव्वीस. अक्का कणीक मळतायत. जुई फरशीवर वाट्या नि डाव घेऊन बसलीय. डाव वाटीवर आपटतेय. थांबते. मान वर करते. छताकडे नाही, अक्कांच्या पाठीकडे बघते.

"आई."

अक्कांचे हात थांबले. त्या सावकाश वळल्या.

"काय म्हणालीस?"

"आई."

अक्का कणकेच्या हातांनी तशाच खाली बसल्या. "आई नाही गं सोन्या. आत्या. मी आत्या. आई कामाला गेलीय, संध्याकाळी येणार. तिला म्हणायचं हं. तिला म्हण आई."

"आई," जुई म्हणाली, आणि डाव टाकून, फरशीवर दोन्ही हात टेकून त्यांच्याकडे गेली. "आई. आई. आई."

अक्कांनी तिला उचललं. मनगटांनीच, कणीक लागू नये म्हणून. तोंड तिच्या पोटात खुपसलं. त्यांचे खांदे हलत होते. बराच वेळ. मग त्यांनी वर पाहिलं, सरळ माझ्याकडे, आणि कणकेचे हात जोडले.

"जावईबापू, हे तिला दाखवू नका," त्या म्हणाल्या. "मोडून पडेल ती."

मग त्यांनी जुईला खाली ठेवलं, ओट्याकडे वळून नळाखाली हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, पदरानं डोळे टिपले. तेवढा वेळ त्यांची पाठ होती. जुई बाल्कनीकडे रांगत गेली. कोपऱ्याशी दिसेनाशी झाली. मग किंकाळी.

मी आवाज बंद केला.

एकदा वाटलं, उठावं, टॅब सुहासच्या हातात द्यावा. मग तनुजाचे शब्द आठवले. कोणता शब्द, किती वाजता, कुणाला उद्देशून. बारा वाजता हे आपोआप पुण्याला जाणार होतं. तिथे कुणीतरी नोंद करणार होतं, आणि ती नोंद माझ्या मेल्यानंतरही तशीच राहणार होती.

मी बोटानं रेघ ओढली. आठ वीसपासून नऊ चाळीसपर्यंत. धुपाटणं लपवायला ओढली, की तो शब्द लपवायला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारते, तर दोन्ही एकाच रेघेत आहेत. वेगळं करता येत नाही.

लाल बटण दाबलं.

बाहेर आले तर सुहास उभाच होता. "काय दिसलं?"

"सकाळचं उमटलंच नाही. आठ वीस ते नऊ चाळीस कोरं आहे."

"नेमकं तेवढंच?"

"यंत्र आहे, सुहास."

"म्हणजे ती विझवताना नाही दिसत?"

ते दिसत होतं. धुरी त्याआधीची होती, मी पुसली नव्हती. "विझवताना दिसतात," मी म्हणाले, आणि मग पुढचं वाक्य माझ्याच तोंडून निघालं. "पण पुढे परत पेटवला असेल, तर कळायला मार्ग नाही."

अक्का जेवणाची पानं मांडत होत्या. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "झाकण उघडं होतं," त्या म्हणाल्या. "टिक झालं होतं की. मी त्यांच्याशी बोलले होते..."

आणि थांबल्या.

माझ्याकडे पाहिलं. मी टॅब छातीशी धरला होता, दोन्ही हातांनी. त्यांनी तो टॅब पाहिला, माझे हात पाहिले. चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू मिटत गेलं. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"असेल," त्या सुहासला म्हणाल्या. "यंत्राचा काय भरवसा? पेटवला असेल मीच परत. वय झालं, लक्षात राहत नाही."

"चव्वेचाळीस म्हणजे वय?" सुहास चिडून म्हणाला. मग आवाज उतरवून, "अक्का, मी पाळणाघर बघतो. तुलाही विश्रांती होईल."

"बघ की," त्या म्हणाल्या. "गडहिंग्लजला माझ्या वर्गातल्या कुसुमकडे मुलींचं वसतिगृह आहे. स्वयंपाकाला बाई हवीय म्हणून कधीची मागे लागलीय."

रविवारी दुपारी त्या निघाल्या. दोन दिवसांत आमचं एवढंच बोलणं झालं होतं, जुईचे कपडे कुठे आहेत, औषध कधी द्यायचं. सुहास रिक्षा आणायला खाली गेला तेव्हा त्यांनी मला बाल्कनीत बोलावलं. डाव्या कोपऱ्यात, मशीनपाशी.

"धुपाटणं घासून फळीवर ठेवलंय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तळाला मिरच्या चिकटल्या होत्या. मोहऱ्या होत्या. धुरीत मिरच्या कोण घालतं गं, स्वरूपा?"

मी फळीकडे पाहिलं.

"गुरुवारीच घासलं. रात्री तुम्ही झोपल्यावर, सुहासला दिसायच्या आत."

"अक्का..."

"दृष्ट काढल्यावर विस्तवावर पाणी घालायचं असतं. तुझी आई लवकर गेली, तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगायला हवं होतं. पण तू औषधवाली, मला वाटलं तू कशाला काढतेयस." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. तो हात कोरडा, खरबरीत होता. "पोरीचं बघ. रात्री पाठीवर थोपटलं की झोपते, पण डाव्या कुशीवर. उजव्या नाही."

त्या रविवारपासून मी तो टॅब उघडला नाही. जे काही पुण्याला जायचं ते तसंच जात राहिलं. पुढच्या महिन्यात तनुजा आली तेव्हा तिला "नोकरीमुळे जमत नाही" सांगून आम्ही झाकणं काढून घ्यायला लावली. छताला चार गोल डाग राहिले होते. सुहासनं रंग देऊन घेतला.

याला सहा वर्षं झाली. सुहास दर भाऊबिजेला गडहिंग्लजला जातो, एकटाच. अक्का त्याच्याबरोबर जुईसाठी काहीबाही पाठवतात, चिवडा, लोकरीचं टोपरं. मी एकदाही गेले नाही. दर वर्षी मला काहीतरी काम निघतं. त्यांनी सुहासला काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं, तर तो परत आल्यावर माझ्याकडे बघताना कळलं असतं. मी दर भाऊबिजेच्या संध्याकाळी दारात उभी राहून त्याचा चेहरा बघते.

या भाऊबिजेलाही तो सकाळीच गेला. दुपारी मी नि जुई दोघीच घरात होतो. ती फराळाचं ताट मांडीवर घेऊन बसली होती, चकलीचे वेढे सोडवत. फोनवर संस्थेचा निरोप आला. अभ्यास पुरा झाला होता, आणि भाग घेतलेल्या प्रत्येक घरासाठी त्यांनी आठवण म्हणून एक छोटी फिल्म तयार केली होती. तीही यंत्रानंच निवडून जोडलेली, असं खाली लिहिलं होतं. मी निरोप वाचत होते तोवर जुईनं माझ्या दंडावरून वाकून बोट लावलंसुद्धा.

सहा मिनिटांची होती. जुई भिंत धरून उभी राहताना. जुई वरण फासून घेताना. जवळपास प्रत्येक चित्रात अक्का होत्या. त्यांचा हात, त्यांचा पदर, त्यांचा "अगं अगं अगं" असा आवाज.

"ही गडहिंग्लजची आत्या ना?" जुईनं विचारलं.

"हो."

"किती हसते ती!"

मग शेवटचं चित्र. बैठकीची खोली, वरून. दार उघडं. सुहासच्या हातात पिशवी. अक्कांची पाठ, जिन्याकडे निघालेली. मी दारापाशी, कडेवर जुई, तिच्या हाताला पांढरी पट्टी. हे चित्र पुसायचं राहिलंय, हे मला सहा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. जुई माझ्या कडेवरून अर्धी बाहेर झुकली होती, पट्टीचा हात दाराच्या दिशेनं ताणून.

"आई!" ती ओरडली. "आई! आई!"

सुहासचा आवाज आला, आनंदानं फुटलेला. "स्वरूपा! ऐकलंस? आई म्हणाली! तुला आई म्हणाली!"

अक्का वळल्या नाहीत. जिन्यावरून खाली गेल्या.

चित्र तिथेच गोठलं आणि खाली अक्षरं उमटली. पहिला शब्द: आई. कुणाला उद्देशून: आई.

"हा माझा पहिला शब्द?" जुई खूश झाली. "परत लाव ना."

मी लावलं नाही, तिनंच लावलं. या वेळी ती हसत नव्हती. चकली ताटात ठेवून, कपाळाला आठी घालून ती नीट बघत होती. तिसऱ्यांदा तिनं मधेच थांबवलं.

"आई."

"काय गं?"

"तू तर मला कडेवर घेतलंयस."

"हो."

"मग मी तिकडे बघून आई का म्हणतेय?"